मिसळलेल्या प्रतिध्वनींची निवड : हवामानाचे रडार कसे ऐकते?

गुजरातमधील जुनागढ येथे गिरनारच्या वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. सम्राट अशोकाच्या धम्मलेखांमुळे ती आपल्याला परिचित आहे. परंतु त्याच शिळेवर पुढे आणखी दोन लेख कोरले गेले. एक महाक्षत्रप रुद्रदामनाचा, इसवी सन १५० च्या सुमाराचा; दुसरा स्कंदगुप्ताच्या काळातला, पाचव्या शतकाचा. या दोन्ही लेखांत एकाच आपत्तीची कथा आहे. अतिवृष्टी झाली, सुदर्शन तलावाचा बांध फुटला आणि तो पुन्हा बांधावा लागला. तीन काळांतील माणसे एकाच दगडावरून आपल्याशी बोलतात. कोणता आवाज कोणाचा, हे आपण ओळखतो ते अक्षरांच्या वळणावरून आणि भाषेवरून. मौर्यांची ब्राह्मी वेगळी, क्षत्रपांची वेगळी, गुप्तांची वेगळी. काळाची खूण अक्षरातच असते.

आता कल्पना करावी की हे लेख शेजारी शेजारी नसून एकावर एक कोरले आहेत, अक्षरांचे वळणही एकच आहे आणि एकाचा घाव खोल तर दुसऱ्याचा अगदी उथळ आहे. अशा वेळी खालचा पुसट लेख वाचायचा कसा? पावसाचे आणि वादळाचे वर्तमान टिपणाऱ्या आजच्या रडारपुढे नेमका हाच प्रश्न दर सेकंदाला उभा असतो. त्याला मिळणारे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून येतात. जवळच्या ढगाचा आवाज मोठा असतो, दूरच्या ढगाचा क्षीण. आणि कधी कधी खरा धोका त्या क्षीण आवाजातच असतो.

आम्ही इतिहासाचे अध्यापक. विज्ञानाच्या प्रांतात शिरण्याचे कारण एवढेच की, ‘रडारला ढग दिसतो, मग अंदाज का चुकतो?’ हा प्रश्न पावसाळ्यात विद्यार्थी हटकून विचारतात. त्याची उत्तरे अनेक आहेत. त्यांतील एक उत्तर समजून घेताना आम्हाला असे आढळले की, मिसळलेली साक्ष निवडून घेण्याची जी शिस्त इतिहासकाराला लागते, तीच येथे गणिताच्या रूपाने उभी आहे. ते उत्तर आमचे माजी विद्यार्थी, पालक आणि या विद्यालयावर प्रेम करणारे समाजबांधव यांच्यापुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रडार म्हणजे हाक आणि प्रतिसाद

दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने शोधण्यासाठी रडारचा वापर वाढला. त्या वेळी पडद्यावर पावसाचे जे ठिपके उमटत, ते चालकांना अडथळा वाटत. युद्ध संपल्यावर शास्त्रज्ञांनी तोच अडथळा अभ्यासाचा विषय केला आणि हवामानाचे रडार जन्माला आले. एकाची अडगळ ती दुसऱ्याची साधनसामग्री, हा अनुभव इतिहासाच्या अभ्यासकालाही नवा नाही.

रडारचे काम तत्त्वतः सोपे आहे. मोठ्या वाटीसारख्या अँटेनामधून रेडिओलहरींचा एक छोटासा झोत सोडायचा आणि मग गप्प राहून ऐकायचे. या झोताला आपण स्पंद म्हणू. स्पंदाचा कालावधी एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास असतो. वाटेत पावसाचे थेंब किंवा गारा लागल्या की लहरींचा अत्यल्प अंश परत येतो. लहरींचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. म्हणून प्रतिध्वनी किती वेळाने आला, यावरून ढग किती दूर आहे हे कळते. एका मिलिसेकंदाने, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाने प्रतिध्वनी आला, तर लहरीने जाऊन-येऊन ३०० किलोमीटरचा प्रवास केला. अर्थात ढग १५० किलोमीटरवर आहे. प्रतिध्वनी जितका जोरकस, तितका पाऊस दाट. अँटेना सावकाश फिरत राहते आणि चहूदिशांचे चित्र तयार होते.

आता अडचण पाहू. रडारने एक स्पंद सोडून स्वस्थ बसणे परवडत नाही. विश्वासार्ह मोजमापासाठी त्याला एकाच दिशेला अनेक स्पंद सोडावे लागतात, साधारणपणे सेकंदाला हजारच्या आसपास.

यासाठी आपल्या शाळेतल्या हजेरीचे उदाहरण घ्यावे. गुरुजी एकेक क्रमांक पुकारतात आणि मुले ‘हजर’ म्हणतात. समजा गुरुजी डोके वर न करता फार भराभर पुकारू लागले. मागच्या बाकावरच्या मुलाचे ‘हजर’ त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच त्यांनी पुढचा क्रमांक उच्चारला. मग ते उशिरा आलेले ‘हजर’ कोणाच्या नावापुढे लागेल? पुढच्या मुलाच्या. तो मुलगा गावी गेलेला असला तरी हजेरीपटावर तो उपस्थित ठरेल.

रडारचे असेच होते. दोन स्पंदांमध्ये १ मिलिसेकंदाचे अंतर असेल, तर १५० किलोमीटरपर्यंतचे उत्तर वेळेत येते. २०० किलोमीटरवरच्या ढगाचे उत्तर मात्र दुसरा स्पंद सुटून गेल्यावर, सेकंदाच्या सुमारे तीन हजाराव्या भागाने पोहोचते. रडार समजते की हे दुसऱ्या स्पंदाचेच उत्तर आहे, आणि जेथे आभाळ निरभ्र आहे अशा ५० किलोमीटरवरच्या जागी ढग दाखवते. याला शास्त्रज्ञ ‘दुसऱ्या फेरीचा प्रतिध्वनी’ म्हणतात.

असा एकटा चुकार प्रतिध्वनी अनुभवी डोळ्याला ओळखता येतो. दूरच्या ढगाची खोली तशीच राहते, पण त्याची रुंदी आकसते, कारण रडारपासून निघणाऱ्या दिशारेषा जवळ आल्या की अरुंद होतात. २०० किलोमीटरवरील २० किलोमीटर रुंदीचा ढग ५० किलोमीटरवर आणून ठेवला, तर तो केवळ ५ किलोमीटर रुंदीचा दिसतो. त्यामुळे पडद्यावर केंद्राकडे रोखलेली एक लांबट, निमुळती पट्टी उमटते. खरी पंचाईत होते ती ५० किलोमीटरवरही खराच ढग असतो तेव्हा. मग दोन्ही प्रतिध्वनी एकाच क्षणी, एकावर एक, येऊन आदळतात. पावसाचा प्रतिध्वनी अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो. म्हणून दोन्ही ठिकाणी सारखाच पाऊस असला, तरी चौपट दूर असलेल्या ढगाचा आवाज सोळापट लहान असतो.

वेग मोजण्याची हाव आणि त्यातला पेच

कोणी म्हणेल, मग सावकाश पुकारावे. दोन स्पंदांमध्ये तिप्पट वेळ ठेवला, तर साडेचारशे किलोमीटरपर्यंतचे उत्तर निर्धास्तपणे ऐकता येईल. हे खरे आहे. परंतु रडारला पाऊस कोठे आहे एवढेच विचारून भागत नाही. तेथील वारा किती वेगाने वाहतो आहे, हेही जाणून घ्यायचे असते. वादळाचा विध्वंस वाऱ्यात असतो.

ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेला सिद्धांत येथे उपयोगी पडतो. आपल्याकडे येणाऱ्या आगगाडीची शिटी बारीक आणि दूर जाणाऱ्या गाडीची जाड ऐकू येते, तो हाच परिणाम. १८४५ मध्ये डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी धावत्या आगगाडीवर वादक बसवून आणि रुळांच्या कडेला सुरांचे जाणकार उभे करून त्याची परीक्षा घेतली होती. रडारमध्ये हा वेग प्रत्यक्षात वेगळ्या रीतीने मोजतात. लहर एखाद्या क्षणी चढावर आहे की उतारावर, शिखरावर आहे की तळाशी, या स्थितीला विज्ञानात ‘कला’ म्हणतात, चंद्राच्या कलांप्रमाणेच. एका स्पंदाचा प्रतिध्वनी ज्या कलेत आला त्यापेक्षा पुढच्या स्पंदाचा किती वेगळ्या कलेत आला, हे पाहिले की तेवढ्या वेळात थेंब किती सरकले ते समजते.

मात्र येथे एक मर्यादा आहे. चित्रपटात वेगाने धावणाऱ्या गाडीची चाके कधी कधी उलटी फिरताना दिसतात. दोन चित्रांच्या मधल्या वेळात आरा इतका पुढे गेलेला असतो की तो मागे सरकल्यासारखा भासतो. मोठ्या पल्ल्याच्या हवामान रडारची तरंगलांबी सुमारे १० सेंटिमीटर असते. दोन स्पंदांच्या मध्ये थेंब अडीच सेंटिमीटरपेक्षा अधिक सरकले, तर दिशेचा असाच भ्रम होतो. स्पंदांमध्ये १ मिलिसेकंद असेल, तर ही मर्यादा सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर येते. सेकंदाला ३० मीटर वेगाने रडारकडे येणारा वारा मग २० मीटर वेगाने दूर जाताना दिसतो. शत्रू चालून येत असताना तो माघार घेत असल्याची खबर यावी, तसाच हा प्रकार.

पेच असा की, दूरवरचे ऐकण्यासाठी स्पंद विरळ हवेत आणि वेगवान वारा मोजण्यासाठी दाट हवेत. १० सेंटिमीटरच्या रडारला १५० किलोमीटरचा पल्ला हवा असेल, तर वेगाची मर्यादा ताशी ९० किलोमीटर. ४६० किलोमीटरचा पल्ला हवा असेल, तर वेगाची मर्यादा अवघी ताशी २९ किलोमीटर. एक वाढवावे तर दुसरे त्याच प्रमाणात घटते. तरंगलांबी कमी झाली की हा जाच आणखी वाढतो. ५ सेंटिमीटरच्या रडारला १५० किलोमीटरच्या पल्ल्यावर ताशी ४५ किलोमीटर एवढाच वेग निर्विवाद मोजता येतो. हा निसर्गनियम आहे. अधिक महागडे यंत्र विकत घेतल्याने तो टळत नाही. हवामानशास्त्रात तो ‘डॉप्लर पेच’ म्हणून प्रसिद्ध आहे.

जांभळे धुके

या पेचाशी सर्वांत दीर्घ झुंज दिली गेली ती अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात. हा टोर्नेडोंचा प्रदेश. टोर्नेडो म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा वाऱ्याचा भीषण भोवरा. २४ मे १९७३ रोजी युनियन सिटी या लहानशा गावावर असा टोर्नेडो कोसळला. नॉर्मन शहरातील राष्ट्रीय तीव्र वादळ प्रयोगशाळेच्या डॉप्लर रडारने त्याची नोंद घेतली होती. नंतर त्या नोंदी तपासताना संशोधकांना आढळले की, भोवरा जमिनीला टेकण्याच्या बऱ्याच आधी ढगात उंचावर त्याची खूण उमटली होती. अगदी शेजारी शेजारी एक वारा रडारकडे येणारा आणि दुसरा दूर जाणारा, अशी ती जोडी होती. ती वेळेत वाचता आली, तर माणसांना तळघरात आसरा घेण्यास अवधी मिळतो. या शोधातून आणि त्यानंतरच्या प्रयोगांतून १९९० च्या दशकात अमेरिकेत सुमारे १६० डॉप्लर रडारांचे जाळे उभे राहिले.

परंतु वादळे एकेकटी येत नाहीत. एकामागे एक रांग धरून येतात. रडारच्या एकाच दिशेला ६० किलोमीटरवर एक आणि २१० किलोमीटरवर दुसरे वादळ असले, की दोघांचे प्रतिध्वनी एकमेकांवर पडतात. त्यावर पहिला तोडगा सरळ होता. अँटेनाने एकाच उंचीवर दोन फेऱ्या माराव्यात. पहिल्या फेरीत स्पंद विरळ ठेवून कोणता ढग खरोखर कोठे आहे हे पाहावे. दुसऱ्या फेरीत दाट स्पंदांनी वेग मोजावा. आणि दोन्ही चित्रे जुळवून कोणता वेग कोणत्या ढगाचा ते ठरवावे. एक आवाज दुसऱ्यापेक्षा पुरेसा मोठा असेल, तर मोजलेला वेग मोठ्याच्या नावे लावता येतो. लहान आवाजाचा वेग मात्र हाती लागत नाही. दोन्ही आवाज तुल्यबळ असतील, तर कोणाचाच वेग सांगता येत नाही.

अशा जागा पडद्यावर जांभळ्या रंगाने भरण्याची पद्धत ठेवली गेली. जांभळा म्हणजे ‘येथे काहीतरी आहे, पण त्याचा वेग आम्ही सांगू शकत नाही’. वादळी दिवशी पडद्याचा मोठा भाग असा जांभळा होई. अंदाज वर्तविणारे त्याला ‘जांभळे धुके’ म्हणत. आमच्या मते हा रंग विज्ञानाच्या प्रामाणिकपणाचा उत्तम नमुना आहे. चुकीचा वेग दाखवून पडदा रंगीत करण्यापेक्षा अज्ञान उघड दाखविणे बरे. पण त्या धुक्याखाली एखादे गाव असेल, तर केवळ प्रामाणिक अज्ञानाने त्याचे रक्षण होत नाही. म्हणून ते धुके विरविण्याचे प्रयत्न दोन वाटांनी झाले. त्या दोन्ही वाटांवर भारतीय अध्यापकांची पावले उमटली आहेत, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

पहिली वाट : विषम अंतराचे स्पंद

पहिली कल्पना अशी की, स्पंद समान अंतराने सोडूच नयेत. एकदा १ मिलिसेकंद थांबावे, पुढच्या वेळी दीड मिलिसेकंद, पुन्हा १, पुन्हा दीड. दोन्ही अंतरांवरून वेगाची दोन वेगवेगळी उत्तरे येतात, आणि दोघांचीही चूक वेगवेगळ्या तऱ्हेची असते. दोन्ही उत्तरांना एकाच वेळी मान्य होईल असा वेग शोधला की खरा वेग सापडतो. दोन साक्षीदार आपापल्या परीने चुकत असले, तरी त्यांच्या जबान्या ताडून सत्य काढता येते, त्यातलाच हा प्रकार. या उदाहरणात वेगाची मर्यादा ठरते ती दोन अंतरांतील फरकावरून, म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदावरून. ती थेट सेकंदाला ५० मीटर, अर्थात ताशी १८० किलोमीटर होते. आणि पल्ला निदान १५० किलोमीटरचा राहतोच.

नॉर्मनच्या प्रयोगशाळेतील दुशान झर्निच आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. आर. महापात्र यांनी १९८५ मध्ये या पद्धतीचे पद्धतशीर विश्लेषण प्रसिद्ध केले. तिचा एक तोटा आहे. डोंगर-इमारतींचे प्रतिध्वनी गाळून टाकण्याचे गणित समान अंतराच्या स्पंदांवर सहज चालते. विषम अंतरांवर ते फार अवघड होते.

दुसरी वाट : हाकेलाच खूण

दुसरी कल्पना समजण्यासाठी पुन्हा हजेरीकडे वळू. गुरुजींनी सर्वांकडून ‘हजर’ हाच शब्द न घेता प्रत्येक हाकेबरोबर वेगळा शब्द दिला तर? पहिल्याने ‘हजर’ म्हणावे, दुसऱ्याने ‘उपस्थित’, तिसऱ्याने ‘आहे’. मग मागून उशिरा आलेले ‘हजर’ कोणाचे, याविषयी संशय उरणार नाही. उत्तर आपली ओळख सोबत घेऊन येईल.

स्पंदाला अशी खूण देता येते ती त्याच्या कलेतून. जुन्या पद्धतीच्या मॅग्नेट्रॉन रडारमध्ये प्रत्येक स्पंद मुळातच मनमानी कलेत सुटतो. ही त्या यंत्राची उणीव; परंतु सुटताना कोणती कला होती हे मोजून ठेवले, तर तीच खूण ठरते. परत आलेल्या प्रतिध्वनीतून ताज्या स्पंदाची कला वजा केली की जवळच्या ढगाचा सूर स्वच्छ लागतो, आणि दूरच्या ढगाचा आवाज, त्याची खूण जुळत नसल्याने, विस्कटून साध्या खरखरीसारखा पसरतो. आधीच्या स्पंदाची कला वजा केली की उलट होते. दूरचा सूर जुळतो आणि जवळचा विस्कटतो. दोघांना वेगळे करण्याचे दार येथे उघडते. पण जवळचा आवाज फारच मोठा असेल, तर त्याच्या विस्कटलेल्या खरखरीखालीही दूरचा क्षीण सूर बुडून जातो.

क्लायस्ट्रॉन जातीच्या रडारमध्ये स्पंदाची कला आपल्या हाती असते. तेव्हा प्रश्न असा उभा राहिला की, खूण मनमानी ठेवण्याऐवजी विचारपूर्वक आखली तर अधिक चांगली निवड होईल काय? कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक एम. सच्चिदानंद आणि दुशान झर्निच यांनी १९९९ मध्ये याचे उत्तर प्रसिद्ध केले. त्यांनी ६४ स्पंदांसाठी कलांचा एक निश्चित क्रम आखला. त्या दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ही पद्धत आज ‘एस-झेड संकेत’ या नावाने ओळखली जाते.

तिचे मर्म धान्याच्या उदाहरणाने सांगता येईल. रडारचे संगणक आलेल्या प्रतिध्वनींची वेगानुसार मांडणी करतात. कोणत्या वेगाचा किती आवाज, याचा एक पट तयार होतो. १९६५ मध्ये कूली आणि टुकी यांनी प्रसिद्ध केलेल्या जलद गणनपद्धतीमुळे असे पट क्षणार्धात करता येऊ लागले. या पटाला आपण घराची ओसरी समजू. एस-झेड संकेत वापरून जवळच्या, जोरकस आवाजाचा सूर लावला, की तो ओसरीवर एकाच जागी ज्वारीच्या मोठ्या ढिगासारखा पडतो. दूरचा क्षीण आवाज मात्र विस्कटून सर्वत्र पसरत नाही. तो समान अंतरावरच्या आठ लहान, सारख्या ढिगांत वाटला जातो. ही शिस्त संकेताच्या आखणीतून येते. मग मोठ्या ढिगाच्या सभोवतालची तीन चतुर्थांश ओसरी सरळ झाडून काढायची. उरलेल्या एक चतुर्थांश जागेत आठांपैकी दोन लहान ढीग शिल्लक राहतात. आठही ढीग एकाच नियमाने मांडलेले असल्यामुळे त्या दोघांवरून मूळ ढीग पुन्हा जुळविता येतो आणि दूरच्या वादळाचा वेग सांगता येतो.

आम्हाला या युक्तीतली एक गोष्ट फार मोलाची वाटते. क्षीण आवाज ऐकू यावा म्हणून त्याला मोठे करण्याचा येथे प्रयत्न नाही. तसे केले असते, तर मोठा आवाजही तितकाच वाढला असता. मोठ्या आवाजाची जागा आधी नेमकी ओळखायची, त्याला बाजूला सारायचे आणि उरलेल्या थोड्या पुराव्यातून क्षीणाचे म्हणणे उभे करायचे, अशी ही रीत आहे. अनुकूल परिस्थितीत शेकडो पटींनी मोठ्या आवाजाखालचा प्रतिध्वनीही असा वाचता येतो. २००७ च्या सुमारास अमेरिकेच्या रडार-जाळ्यात ही पद्धत कार्यान्वित झाली आणि पडद्यावरचे जांभळे धुके बरेच विरळ झाले. ते पूर्णपणे गेले नाही. वादळात वारा फार घुसळलेला असेल, तर मोठा ढीग इतका पसरतो की झाडून काढण्यासारखी मोकळी जागाच उरत नाही. अशा ठिकाणी जांभळा रंग आजही उमटतो, आणि तो उमटलाच पाहिजे.

डोंगरांची अडगळ

मिसळणीचा आणखी एक प्रकार सह्याद्रीच्या लेकरांना विशेष समजेल. रडारची लहर डोंगरावर, इमारतींवर, मनोऱ्यांवर आदळूनही परत येते, आणि हा प्रतिध्वनी पावसाच्या प्रतिध्वनीपेक्षा पुष्कळ जोरकस असतो. त्याला ओळखण्याची खूण निसर्गानेच दिली आहे. डोंगर हलत नाही. म्हणून वेगाच्या पटावर ज्याचा वेग शून्य, तो काढून टाकला की डोंगर अदृश्य होतो.

पण पाऊसही कधी शून्य वेगाचा भासतो. रडार केवळ आपल्या दिशेने येणारा किंवा दूर जाणारा वेग मोजते. आडवा जाणारा वारा त्याला स्थिर वाटतो. तेव्हा डोंगराबरोबर खरा पाऊसही गाळला जाण्याची भीती असते. यावर सिग्जिया आणि पासारेली यांनी २००४ मध्ये मांडलेला उपाय असा की, शून्याजवळचा भाग कापल्यावर उरलेल्या भागावरून पावसाचा पट घंटेच्या आकाराचा असणार असे मानून मधली पोकळी भरून काढावी. फाटलेल्या कागदावरची पुसलेली ओळ मागच्या-पुढच्या मजकुरावरून जुळवावी, तसे हे आहे. पवनचक्कीपुढे मात्र हाही उपाय लंगडा पडतो. तिचा खांब स्थिर, पण पाती फिरती. त्यामुळे ‘जे हलत नाही ते पाऊस नव्हे’ ही कसोटी तिला लागू पडत नाही.

आपल्या दारी

हा सारा खटाटोप आपल्यासाठी का महत्त्वाचा? २६ जुलै २००५ हा दिवस आठवावा. मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्याच काळात कुलाब्याला साधारण ७३ मिलिमीटर. एकाच शहराच्या दोन टोकांत एवढी तफावत. कोणत्या वस्तीवर संकट आहे, हे जाणण्यासाठी ढगाची नेमकी जागा किती निर्णायक असते, ते या दोन आकड्यांतून दिसते. तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हते. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान विभागाने २००२ मध्ये चेन्नई येथून डॉप्लर रडारांची सुरुवात केली होती. पुढे मुंबईत कुलाब्याला असे रडार आले. जानेवारी २०२२ मध्ये वेरावली येथे दुसरे कार्यान्वित झाले. नागपूर आणि पणजी येथेही रडार आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने सातारा जिल्ह्यातील मांढरदेवच्या डोंगरावर रडार ठेवून घाटातील ढगांचा अभ्यास केला आहे.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या घरात होता. वर सांगितलेली ताशी ९० किलोमीटरची मर्यादा ध्यानात घेतली, तर वेगाचा भ्रम ही केवळ पुस्तकी गोष्ट नाही, हे लक्षात येईल. ती आपल्याच किनाऱ्यावरची गोष्ट आहे.

हवामान विभागाच्या संकेतस्थळावर रडारची चित्रे कोणालाही पाहता येतात. आमचे अनेक माजी विद्यार्थी शेती करतात, काही समुद्रावर जातात, काही प्रशासनात आहेत. त्यांनी ती पाहताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. केंद्राकडे रोखलेली लांब, निमुळती पट्टी दिसली, तर ती तेथला पाऊस नसून दूरच्या ढगाची चुकीच्या जागी पडलेली सावली असू शकते. आणि चित्रात एखादी जागा रिकामी असेल, तर तेथे काहीच नाही असा अर्थ लगेच काढू नये. तेथे कदाचित ऐकू न आलेला आवाज असेल. इशारा मिळाल्यावर मात्र चित्राचा अर्थ लावत बसू नये. सुरक्षित जागी जावे.

विद्यार्थ्यांसाठी चार शब्द

वसतिगृहात राहून शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींना गणिताची धास्ती वाटते. त्रिकोणमितीतील ज्या आणि कोज्या यांचा जगण्याशी संबंध काय, असे ते विचारतात. त्यांना आम्ही सांगू इच्छितो की, दूरच्या गावावर चाल करून येणारे वादळ जवळच्या पावसाच्या आवाजातून निवडून काढण्याचे काम याच ज्या-कोज्या करतात. त्यासाठी लागलेली मोठी यंत्रे परदेशांत उभी राहिली. पण मिसळलेले आवाज सोडविण्याचा विचार करणाऱ्यांत बंगळूरचा एक अध्यापक होता आणि कानपूरचा एक अध्यापक होता. असा विचार करायला कागद, पेन्सिल आणि चिकाटी पुरते. ही साधने आमच्या अभ्यासिकेतही आहेत.

इतिहास असो की हवामान, साक्ष क्वचितच शुद्ध स्वरूपात हाती येते. ती मिसळून येते, आणि मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. अशा वेळी अभ्यासकाची कामे तीन : प्रत्येक आवाजाची खूण शोधावी; खूण नसेल, तर पुढची हाक घालतानाच ती देण्याची व्यवस्था करावी; आणि एवढे करूनही जे सुटले नाही, तेथे निःसंकोच जांभळा रंग भरावा. या विद्यालयाने आपल्या मुलांना यातली तिसरी गोष्ट शिकविली, ‘हे अजून मला कळलेले नाही’ असे ताठ मानेने म्हणायला आणि मग ते कळून घेण्यासाठी रात्र जागायला शिकविले, तर पहिल्या दोन गोष्टी ती आपणहून शिकतील, असा आम्हाला विश्वास वाटतो.